सलीमभाईंच्या मशीनवर निघालेलं तुझं कार्ड

अक्का, असं अर्धं काम टाकून कोणी जातं का गं?

सलीमभाईंची मशीन तुझ्या टेबलावर उघडी पडलेली. बाजूचा पत्रा काढून भिंतीला टेकवलेला, स्क्रू चटणीच्या वाटीत, रॅमच्या दोन्ही पट्ट्या वर्तमानपत्रावर आणि शेजारी तुझा तो खोडरबर. तू चहा टाकायला म्हणून उठलीस, छातीत कळ आली म्हणालीस, आणि पांझरेचा पूल ओलांडून रिक्षा दवाखान्यापर्यंत पोचायच्या आत आटोपलंसुद्धा. तुझं सगळं असंच, धाडकन. आणि शेवटचं बोलणं काय, तर ‘कुमुद, गॅस बंद केलास ना?’ माणसं जाताना काहीतरी चांगलं बोलून जातात म्हणे. तुला गॅस सुचला. केला होता बाई, बंद केला होता.

मी तुझ्यावर चिडले आहे. रडून झालं, आता चिडले आहे. पण आज दुपारी जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. आज मला तुझा इतका अभिमान वाटला की तो कुठे ठेवू ते कळेना. आणि नेमकं ते ऐकायला तू नाहीस, म्हणजे चिडायला आणखी एक कारण झालं.

तर झालं असं. तुला पोचवून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तुझे दीर नाना आणि तुझा मुलगा प्रशांत गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटायच्या विधीच्या, कार्डाचं बोलायला बसले. आपल्याकडे कार्ड छापल्याशिवाय गंधमुक्ती होत नाही. गावोगावच्या भाऊबंदांच्या हातात छापील कागद पडला नाही, तर उद्या तेच म्हणतील, आम्हाला कळवलंच नाही. प्रशांत म्हणाला, पुण्याचा एक मित्र मोबाईलवर छान करून देतो, सगळ्यांना पाठवून देऊ. नाना म्हणाले, मोबाईलवरचं निमंत्रण घेऊन कोण येतं? तेवढ्यात बाहेर खुर्चीवर बसलेले सलीमभाई उठून दारात आले. लग्नपत्रिका आणि असली कार्डं छापायचा त्यांचा धंदा वडिलांपासूनचा, त्यामुळे त्यांना कोणी परकं समजत नाही.

‘‘अक्कांचं कार्ड दुसरीकडून काढू नका, भाऊ,’’ ते प्रशांतला म्हणाले. ‘‘माझ्याच मशीनवर निघेल.’’

‘‘अहो, पण तुमची मशीन तर इथं मरून पडलीय,’’ नाना म्हणाले. आणि मग त्यांनाच कसंतरी झालं, त्या घरात तो शब्द उच्चारून.

‘‘म्हणून तर म्हणतो. ती अक्कांच्या हाताखाली होती. ती इथून तशीच उचलून दुसऱ्याच्या दुकानात नेली, तर मला माझं तोंड आरशात बघवणार नाही.’’

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्रशांतनं विचारलं, ‘‘मावशी, तुला जमेल?’’ मी म्हटलं, ‘‘न जमायला काय झालं?’’ बोलून बसले. आपल्या दोघींच्या तोंडाला कधी कुलूप होतं? प्रशांतनं मला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वेळ दिला. त्याच्या आत मशीन उठली तर कार्ड तिच्यावर, नाहीतर पुण्याहून.

आणि मला फक्त कार्डाची काळजी नव्हती, हे तुला सांगायला नको. तुझ्या टेबलावरून मशीन न सुधारता परत गेली असं कधी झालं नव्हतं. कधीच नाही असं म्हणत नाही, मदरबोर्डच जळाला असेल तर तू तरी काय करणार? पण तेव्हाही तू काय जळलं ते दाखवून, समजावून परत केलीस. ‘कळलं नाही’ असं म्हणून तू एकही डबा परत पाठवला नाहीस. आता शेवटचाच डबा ‘कळलं नाही’ म्हणून जायचा होता, आणि तोही माझ्या हातून.

लोक मला विचारतात, तुमची अक्का हे शिकली कुठे? मी सांगते, उभी राहून शिकली. रावेरकडच्या केळीच्या मळ्यात वाढलेल्या आपण दोघी. तू लग्न होऊन दीपनगरच्या कॉलनीत गेलीस. भाऊजी वीज केंद्रात ऑपरेटर, आणि कॉलनीत तेव्हा घरोघर मुलांच्या अभ्यासाच्या नावाखाली कॉम्प्युटर यायला लागलेले. तुमच्याकडचा बिघडला की भुसावळहून माणूस यायचा. त्याला चहा द्यायचा आणि मागे उभं राहून तो काय काय काढतो ते बघायचं, एवढंच तुझं शिक्षण. एकदा तो चार वेळा बोलावून आलाच नाही, तेव्हा तू मिक्सरच्या स्क्रू ड्रायव्हरनं डबा उघडलास. भाऊजी ड्युटीवरून आले तर पलंगावर सगळा कॉम्प्युटर पसरलेला! ते म्हणाले, ‘‘अगं, हे परत जोडता येईल का?’’ तू म्हणालीस, ‘‘काढता आलं ना? मग जोडता येईल.’’ ही गोष्ट ते मरेपर्यंत सांगत राहिले, आणि दर वेळी स्वतःच आधी हसायचे.

मग त्यांच्या निवृत्तीनंतर तुम्ही धुळ्यात देवपूरला आलात, माझ्यापासून दोन गल्ल्यांवर. मी शाळेतली मराठीची बाई, निकालपत्रकं टाईप करता करता कॉम्प्युटरशी ओळख झालेली. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी तुझ्याकडे यायचे ते संध्याकाळी जायचे. लोखंड तुझं, आतले प्रोग्राम माझे, अशी आपली वाटणी. तू मला मास्तरीण म्हणायचीस आणि मी तुला डॉक्टरीण. तुला ते फार आवडायचं, उगाच नाही म्हणू नकोस. कोणी ‘अक्का, कमाल केलीत’ म्हटलं की तू ‘अहो त्यात काय’ असलं काही म्हणायची नाहीस. सरळ म्हणायचीस, ‘‘आहेच मी तशी.’’

आणि भांडण तर एकच, पण काय भांडण होतं! जुना कॉम्प्युटर, त्यात रात्रीतून सिस्टिमचं अपडेट आलं, सकाळी पडदा काळा. असे लोक आठवड्याला कोणी ना कोणी यायचेच. मी म्हणायचे, अपडेटनं मारलं. एवढुशी रॅम, म्हातारी डिस्क, आणि वरून टनभर ओझं, मरेल नाही तर काय करेल? तू म्हणायचीस, ‘‘अपडेट निमित्त गं. आजार आधीच होता. धूळ होती, वायर सैल होती, सेल उतरला होता. अपडेटनं पळायला लावलं आणि मशीन बसली खाली.’’ मी म्हणायचे, न पळवता जगली असती ना? तू म्हणायचीस, अशा जगण्याला काय जगणं म्हणतात? आणि मग दोघी तावातावानं बोलत राहायचो, आणि गिऱ्हाईक बिचारं चहाचा कप हातात धरून इकडून तिकडे बघत बसायचं. हे भांडण काही मिटलं नाही. मला वाटलं होतं, अजून खूप वेळ आहे.

तुझा खरा शत्रू म्हणजे ‘फॉरमॅट’, डब्यातलं सगळं पुसून टाकणं. बाजारात कुठेही गेलं की पहिला शब्द तोच, फॉरमॅट मारून देतो. तू तो शब्द ऐकला की तुझ्या कपाळाची शीर उठायची. पिंपळनेरचे ते बाबा आठवतात? सीपीयू गोधडीत बांधून मांडीवर घेऊन एसटीनं आले होते. कुठल्याशा दुकानात फॉरमॅटचं ऐकून घाबरून उठले आणि विचारत विचारत आपल्याकडे. दारात उभे, गोधडी सोडायला तयार नाहीत. ‘‘बाई, मना नातूना बठ्ठा फोटू त्यामाज शेत,’’ म्हणाले. नातू पार तिकडे परदेशात, आणि त्याच्या लहानपणीचे सगळे फोटो त्या डब्यात. तू त्यांना आधी पाणी दिलंस, मग डबा उघडलास, आणि डिस्कची वायर बदलली. बस, एवढंच होतं. फोटो दिसले तेव्हा बाबांनी पडद्याला हात लावून तो हात कपाळाला लावला. तुझे डोळे भरून आले होते, आणि वर तू त्यांनाच दरडावलंस, ‘‘पुन्हा गोधडीत गुंडाळू नका, गरम होतं तिला!’’

तर आता मशीनकडे येते.

काय झालं होतं ते सलीमभाईंनी तुला सांगितलंच होतं. त्यांची पत्रिकांची सगळी अक्षरं त्या जुन्या मराठी प्रोग्रामवर, तो प्रोग्राम फक्त जुन्या सिस्टिमवर चालतो, आणि त्याची ती पेनड्राइव्हसारखी, बोटाएवढी चावी डब्याच्या मागे खोचलेली असेल तरच उघडतो. म्हणून तू त्यांना बजावलेलं, या मशीनला इंटरनेट दाखवायचं नाही. पण घाई होती, पत्रिकेचा नमुना गिऱ्हाइकाला पाठवायचा होता, त्यांनी मोबाईलवरून नेट जोडलं. झालं, अपडेटनं संधी साधली. आणि अर्ध्यावर मशीन बंद. चालू केली की तिथपर्यंत येते आणि परत बंद.

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, घ्या नवीन. पण सलीमभाईंच्या त्या डब्यात आपल्या सगळ्या जिल्ह्याची लग्नं आहेत गं. लोक पत्रिका नवी करतच नाहीत. येतात आणि सांगतात, ‘‘थोरल्याच्या लग्नाची काढा, नवरा-नवरी बदला, आणि आमच्या काकांचं नाव आता स्वर्गवासीमध्ये टाका.’’ कुणाचं नाव कुणाच्या वर, कुठल्या जावयाला विशेष निमंत्रक करायचं, हे सगळं त्या जुन्या पत्रिकेत भांडून ठरलेलं असतं. ती गेली म्हणजे प्रत्येक घरात ते भांडण पहिल्यापासून.

मी आधी तुझा नियम पाळला. रोग्याला हात लावायच्या आधी डिस्क काढायची आणि सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं. तुझ्या कॉम्प्युटरला ती डिस्क जोडली आणि सगळं उतरवून घेतलं. फायली आल्या, पण उघडल्या तर नुसते चौकोन आणि कोंबडीचे पाय. अक्षरं त्या प्रोग्रामशिवाय दिसणार नाहीत, आणि प्रोग्राम त्या मशीनशिवाय उठणार नाही. म्हणजे मशीनच उठवायला हवी.

रॅमच्या पट्ट्या तू पुसून ठेवल्याच होत्यास. त्या बसवल्या, दोन्हीकडून टक् वाजेपर्यंत. डिस्क लावली, चालू केली. पडद्यावर आलं, अपडेटचं काम सुरू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. आणि एवढं सांगून कॉम्प्युटर स्वतःच बंद! मला म्हणतो बंद करू नका, आणि हा बघा. मी काय काय केलं सांगू? नुसतीच मोजकी सिस्टिम उठवून बघितली, अपडेट मागे घ्यायला लावलं, जे जे माझ्या खात्यात होतं ते सगळं केलं. प्रत्येक वेळी खट् करून अंधार. नाना दारातून डोकावले आणि म्हणाले, ‘‘सुतकात हे काय चाललंय?’’ मी म्हटलं, ‘‘तुमच्या वहिनीचं काम चाललंय.’’ ते गेले बाहेर.

समोर तुझा फोटो, समोर दिवा. मी त्या फोटोला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बघितलंस ना, अपडेटनंच मारलं, असंही म्हटलं. म्हटलं, आता बोल, आता का गप्प?

आज सकाळी परत बसले. आणि काय आश्चर्य, रात्रभर विसावलेली मशीन आज बराच वेळ चालली. अपडेट अर्ध्याच्या पुढे गेलं. मग बंद. लगेच चालू केली तर लगेच बंद. पुन्हा केली, त्याहून लवकर. शेजारच्या बायकांनी जेवण आणलं होतं, प्रशांतच्या बायकोनं मला बळेच उठवून घास खायला लावले. जेवून परत आले, चालू केली, तर पुन्हा बराच वेळ चालली.

अक्का, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. थंड असली की पळते, तापली की बसते. आणि तू सगळ्यांना सांगायचीस ते आठवलं, आधी मागे हात धर, श्वास येतो का बघ. मी इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसून ते ऐकलं, पण कधी स्वतः हात धरला नव्हता. ते तुझं खातं. मी डब्याच्या मागे, जिथे विजेची वायर जाते तिथे, तळहात धरला. काही नाही. एक झुळूकसुद्धा नाही. एसएमपीएसचा, म्हणजे त्या वीज वाटणाऱ्या पेटीचा, पंखाच फिरत नव्हता.

वायर काढली आणि तुझ्या शिस्तीनं थांबले. ‘वायर काढली तरी आत वीज दबा धरून बसलेली असते’ म्हणून तू लोकांना ताटकळत ठेवायचीस, तसं मी स्वतःलाच ताटकळत ठेवलं. मग पेटी खोलली. आणि आत काय होतं, सांग बरं?

अक्षता.

खरं सांगते, अक्षता! कुंकवात माखलेले तांदूळ, पंख्याच्या पात्याखाली अडकून चिकटलेले, आणि त्यांच्यावर धुळीचा थर. मी जमिनीवर बसून हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. प्रशांत धावत आला, त्याला वाटलं मावशीला काही झालं. मी त्याला चिमट्यात धरलेला लाल दाणा दाखवला.

दर दसऱ्यानंतर आपला हाच तर हंगाम असायचा ना गं? लोक शस्त्रपूजेला कॉम्प्युटरची पूजा करायचे. हळद-कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं, वरून पाण्याचा शिपका. पुढचे पंधरा दिवस तू चिमटा घेऊन तांदूळ वेचत बसायचीस आणि बडबडत असायचीस, ‘‘अरे बाबांनो, पूजा पडद्याची करा, डब्याची नका करू, त्याला जाळी असते!’’ पण सलीमभाईंच्या मशीनमध्ये अक्षता? मी त्यांना फोन लावला. ते म्हणाले, ‘‘हां हां, आठवलं. साक्रीकडच्या एक बाई आल्या होत्या, मुलाची पत्रिका पसंत केली, आणि पिशवीतून करंडा काढून मशीनला हळदकुंकू लावलं. म्हणाल्या, लग्नाचं पहिलं काम इथूनच सुरू झालं. अक्षता पण टाकल्या. डबा आडवा ठेवलेला, जाळी वर. मी कसं नाही म्हणू, बाई? शुभकाम होतं.’’

नाहीच म्हणता येत. तूसुद्धा म्हणाली नसतीस.

तर घे. आजार आधीच होता. ते लग्न होऊन त्या सुनेचं डोहाळजेवणही झालं असेल, तेव्हापासून तो पंखा अडलेला. पत्रिका जुळवताना मशीन हळूहळू चालायची म्हणून निभावलं. अपडेटनं पळायला लावलं आणि ती बसली. तू जिंकलीस. जोरात म्हणत नाही, पण म्हणते.

तांदूळ वेचले, ब्रशनं पुसलं, पात्याला बोट लावून फिरवलं. सगळं जोडून चालू केलं आणि मागे हात धरला. श्वास आला. प्रशांतलाही म्हटलं, धर हात. त्यानं धरला आणि तसाच धरून बसला, बराच वेळ. तुझा हा पोरगा पुण्यात मोठमोठ्या कंपन्यांच्या सिस्टिम सांभाळतो, आणि दर दिवाळीला तुला म्हणायचा, ‘‘आई, सोड ना ते जुने डबे, लोक काय म्हणतील?’’ आज तो आईच्या टेबलाशी जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि म्हणाला, ‘‘मावशी, आई रोज हे करायची?’’ मी म्हटलं, ‘‘रोज. आणि वर स्वयंपाक.’’

पण थांब, अर्धी लढाई माझीही होती, ती तुला ढापू देणार नाही. अपडेट पुरं झालं, सिस्टिम उठली, आणि सलीमभाईंचा प्रोग्राम म्हणाला, चावी सापडत नाही! चावी मागे खोचलेली, दिवा लागलेला, आणि हा म्हणतो सापडत नाही. अपडेटनं आतलं तिचं ओळखपत्रच पुसून टाकलं होतं. म्हणजे अपडेट अगदीच निरपराध नव्हतं, कळलं का डॉक्टरीणबाई? मी सिस्टिम मागच्या तारखेला नेली, अपडेट येण्याच्या आधीच्या दिवशी. त्याला वेळ लागतो, तोवर सलीमभाई येऊन बसले होते. नाना पण आत येऊन पलंगावर टेकले. मग प्रोग्राम उघडला, आणि पडद्यावर स्वच्छ, गोल, काळीभोर मराठी अक्षरं.

‘‘या अल्ला, आली,’’ सलीमभाई म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

मी त्यांना बजावलं, पुन्हा मोबाईलचं नेट जोडलं तर याद राखा. अगदी तुझ्यासारखी बोलले. मला स्वतःलाच ऐकून कसंसं झालं.

आपल्यात एकमेकींचं कौतुक करायची रीतच नव्हती. कौतुक वाटलं की आपण जास्त भांडायचो, आणि तुला ते कळायचं, मलाही कळायचं. पण आज सांगते, पोटात ठेवत नाही. तू माझी बहीण होतीस याचा मला शाळेतल्या सगळ्या वर्षांपेक्षा जास्त अभिमान आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी शब्द शिकवले. तू लोकांना त्यांची माणसं परत काढून दिलीस, त्यांचे फोटो, त्यांच्या पत्रिका, त्यांचे हिशेब, त्यांची अर्धी राहिलेली कामं. आणि तुला ते येत होतं, नशिबानं नाही, येत होतं म्हणून. माझ्याही हाताला तू नकळत ते लावून गेलीस, हे तर मला आजच कळलं.

आणि आता ऐक, मुख्य ते पुढेच आहे.

सलीमभाईंनी तिथेच, तुझ्याच खुर्चीवर बसून, तुझं कार्ड जुळवायला घेतलं. जुनी एक फाईल उघडली, कुणाच्या तरी आईच्या गंधमुक्तीची. नाव खोडून तुझं घातलं. ‘वृद्धापकाळाने’ होतं, मी म्हटलं, ते काढा आधी, ती काही म्हातारी नव्हती. त्यांनी काढलं. मग नावाखाली बोट थांबलं त्यांचं.

‘‘इथं काय लिहू?’’

‘‘इथं काय असतं?’’ प्रशांतनं विचारलं.

‘‘काही नाही,’’ नाना म्हणाले. ‘‘बायकांच्या नावाखाली काय लिहितात? मोकळंच ठेवायचं.’’

मी म्हटलं, ‘‘कॉम्प्युटर मेकॅनिक लिहा.’’

‘‘मयताच्या कार्डावर कोणी धंदा लिहितं का, कुमुदताई?’’ नाना म्हणाले. ‘‘गावात हसतील.’’

मी काही बोलणार होते. तुला माहीत आहे मी काय बोलले असते आणि किती वेळ बोलले असते. पण सलीमभाईंनी माझ्याकडे बघून हात वर केला, थांबा म्हणून. त्यांनी मशीनमध्ये काहीतरी शोधलं, एक फाईल उघडली आणि खुर्ची बाजूला सरकवली, नानांना दिसावं म्हणून. भाऊजींचं गंधमुक्तीचं कार्ड होतं ते. नाव, आणि नावाखाली ‘सेवानिवृत्त ऑपरेटर, औष्णिक विद्युत केंद्र’.

‘‘नाना, हे तुम्हीच सांगून लिहून घेतलं होतं माझ्याकडून,’’ सलीमभाई अगदी हळू म्हणाले. ‘‘तेव्हा कोणी हसलं नाही.’’

नाना पडद्याकडे बघत राहिले. भावाचं नाव वाचलं असेल, का काय वाचत होते कोण जाणे. मग उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, ‘‘वहिनींचं अक्षर जरा मोठं घ्या मग.’’

प्रिंटर सलीमभाईंनी घरूनच आणला होता. पहिला कागद बाहेर आला तो प्रशांतनं घेतला, माझ्या हातात दिलाच नाही. खिडकीशी उजेडात नेऊन वाचला. त्याची पाठ माझ्याकडे होती, पण खांदे दिसत होते मला. वर तुझं नाव, सुमनबाई. खाली, कॉम्प्युटर मेकॅनिक, देवपूर, धुळे.

मग तो वळला आणि म्हणाला, ‘‘सलीमकाका, गावाकडची सोडून आणखी थोडी जास्तीची काढा. मला ऑफिसात न्यायची आहेत.’’

नाना म्हणाले, ‘‘अरे, गंधमुक्तीला तुझ्या ऑफिसातले लोक येणार आहेत का धुळ्याला?’’

‘‘नाही,’’ तो म्हणाला. ‘‘त्यांना फक्त दाखवायचं आहे.’’